क्वार्टर्सकडं जेवण घेऊन येणारी

एक फोटो आणायचा होता, एवढंच काम.

निपाणीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत जिनेंद्रचा स्टुडिओ आहे. सन्मतीनं त्याच्याकडं एक फोटो मोठा करून चौकटीत बसवायला टाकला होता. बेळगावला प्रदर्शन होतं, तिथं पाठवायचा होता. सन्मतीचं खत-बियाण्यांचं दुकान, दिवस रब्बीच्या गर्दीचे. त्याला जागचं हलता येईना. म्हणून त्यानं बायकोला फोन केला. "निशा, बाजाराला आलीयास तर तेवढा फोटो घेऊन जा घरी. जिनेंद्रला सांगून ठेवलंय."

"हे कवाचं म्हणायचं, आप्पा?" सौरवनं विचारलं.

भावकू आप्पांनी काठीनं शेकोटीतली रताळी उलटी केली. बेळगुंदीच्या शिवारात त्या दिवशी रताळ्यांची काढणी झाली होती. पोती भरून बांधाला लावली होती, सकाळी टेम्पो येणार होता, तोवर राखणीला आप्पा आणि दोन पुतणे, सौरव आणि युवराज. सौरवनं नवा कॅमेरा घेतला होता. उद्या कणकुंबीकडं जाणार, जंगलात एक जुना बंगला पडून आहे त्याचे आणि पाखरांचे फोटो काढणार, असं तो संध्याकाळपासून सांगत होता. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं होतं आणि मग हे सुरू केलं होतं.

"लांबचं न्हाय," आप्पा म्हणाले. "गेल्या येळ अमावस्येचं. डिसेंबरची एकोणीस तारीख, शुक्रवार. म्या निपाणी डेपोला कंडक्टर होतो तवा ह्या सन्मतीच्या घरात माडीवर भाड्यानं राहत होतो, म्हाईत हाय न्हवं? घरच्यासारखी माणसं. निशानं आमच्या हिच्याजवळ बसून सगळं सांगितलंय, एक शब्द माझ्या पदरचा न्हाय. मधी बोलू नका."

तर निशा स्टुडिओत गेली.

सन्मतीला दोनच वेडं होती. एक पाखरांचं, एक पडक्या इमारतींचं. बंद पडलेल्या तंबाखूच्या वखारी, मोडका जकात नाका, छप्पर उडालेली शाळा, असलं काही दिसलं की हा गाडी थांबवायचा. चिकोडीच्या वाटेवर आत एक तलाव आहे. तलाव बांधताना पाटबंधारे खात्यानं नोकरांसाठी क्वार्टर्स बांधल्या होत्या. पाटबंधाऱ्याला इकडं सगळे कन्नडातलं नीरावरी म्हणतात, म्हणून त्या नीरावरीच्या क्वार्टर्स. माणसं कधीच निघून गेली. कौलं ढासळली, घाणेरी माजली. तिथल्या एका खोलीच्या झरोक्यात गव्हाणी घुबडाच्या जोडीनं घर केलं होतं. पांढऱ्या तोंडाची घुबडं. म्हणजे सन्मतीला दोन्ही वेडं एका जागी गावली. रविवार आला की दुपारी निघायचा, दिवस बुडताना घुबडं बाहेर पडतात ती टिपायचा आणि अंधार पडल्यावर घरी यायचा.

जिनेंद्रनं फोटो कागदातनं काढून काउंटरवर उभा केला. चांगलाच आला होता. पोपडे गेलेली भिंत, वर झरोका, झरोक्यात घुबड, त्याच्यावर पिवळं ऊन.

"बघा, वैनी," जिनेंद्र म्हणाला. "आणि तुम्हीबी आलाय की कडेला. कापून टाकू का म्हणून सन्मतीला विचारणार होतो. मग म्हटलं राहू दे, बरं दिसतंय."

निशानं बघितलं. फोटोच्या अगदी कडेला दाराची चौकट होती. चौकटीला धरलेला एक हात. कोपरापर्यंतच. आणि मागं पदराचं टोक, हिरवं, जांभळ्या काठाचं.

ती साडी निशानं ओळखली. दिवाळीला बेळगावात खडेबाजारात सन्मतीनंच घेऊन दिली होती तिला. पण ती त्या क्वार्टर्सकडं जन्मात गेली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिनं बघितली, जी जिनेंद्रला दिसली नसती. त्या पडक्या दारापुढं सडा घातलेला होता. ताजा. बाईमाणसाला ते लगेच कळतं.

ती फोटो घेऊन घरी आली. आल्या आल्या कपाट उघडलं. तिची साडी घडी घालून होती तिथंच होती, दिवाळीनंतर घडी मोडलीही नव्हती.

म्हणजे साड्या दोन घेतल्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, एका पदरावरनं एवढं? पण संशय एका दिवसात येत नाही. आधी थेंब थेंब साठलेला असतो. ही घरंदाज जैन माणसं. धोंडूबाईंच्या, म्हणजे सन्मतीच्या आईच्या घरात दिवस बुडाल्यावर कुणी घास घेत नाही. आधी रविवारी सन्मती उशिरा यायचा तो उपाशीच निजायचा आणि निशा त्याच्यावर चिडायची. पण दिवाळी झाल्यापासून तो रविवारी तृप्त होऊन यायचा. दूधसुद्धा नको म्हणायचा. "जेवलात कुठं?" म्हटलं की गालात हसायचा. आणि एकदा दारातच त्याच्या तोंडाला लसणाचा वास आला होता. त्या घरात लसूण कधी शिरला नव्हता. निशानं तेव्हा मनात म्हटलं, कुठल्यातरी दुसऱ्या घरात ह्याचं पान मांडलं जातंय.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. घरात पाळणा हलला नव्हता. धोंडूबाई तोंडानं कधी बोलल्या नाहीत, पण शेजारच्या बारशाला जाऊन आल्या की गप्प बसायच्या. असल्या घरात बाईच्या मनात काय काय येतं, ते सांगायला नको.

संध्याकाळी सन्मती आला. धोंडूबाई जपमाळ घेऊन बसल्या होत्या. निशानं अगदी साधं विचारलं, "त्या क्वार्टर्समध्ये कोण राहतंय का हो?"

सन्मतीनं आधी आईकडं बघितलं. मग निशाकडं बघून हसला. "कोण राहणार? घुबडं राहत्यात."

आणि आत जाता जाता तिच्या कानाशी हळूच म्हणाला, "आईसमोर काय विचारतीस गं?"

निशाला वाटलं, लपवायचं आहे, आणि मला सांगतोय, आईसमोर विचारू नको. एवढा निर्ढावला. त्या रात्री तिनं ठरवलं, भांडायचं नाही. रडायचं नाही. जाऊन डोळ्यांनी बघायचं.

येळ अमावस्या आली. त्या दिवशी त्या भागात शेतकरी घरात नसतो. जेवण बांधून सगळे शिवारात जातात, आधी जमिनीला घास शिंपतात, मग बांधावर पंगत. दुकानात गिऱ्हाईक कुठनं येणार? सन्मतीनं दुपारीच दुकान बंद केलं, कॅमेऱ्याची पिशवी पाठीला लावली आणि "तलावाकडं जाऊन येतो" म्हणून गाडीला किक मारली.

निशानं थोडा वेळ जाऊ दिला. मग धोंडूबाईंना म्हणाली, "आत्ती, मैत्रिणीकडं जाऊन येते." स्कूटी काढली नाही. स्कूटी लांबनं ओळखू आली असती. अंगावर साधा चुडीदार, डोक्याला ओढणी. चिकोडी रस्त्याला वडापच्या जीपमध्ये बसली आणि तलावाच्या फाट्याला उतरली.

फाट्यावर भरमा म्हणून एकाची चहाची टपरी आहे. शिवारातनं ट्रॅक्टर परतत होते. रिकाम्या बुट्ट्या, दमलेल्या बायका, मांडीवर झोपलेली पोरं. ऊन कलायला लागलं होतं. निशानं भरमाला विचारलं, "अण्णा, नीरावरीच्या क्वार्टर्सकडं हीच वाट न्हवं?"

भरमानं कपबश्या विसळता विसळता वर बघितलं. बघतच राहिला.

"व्हय की. हीच." मग म्हणाला, "आत्ता मघाशी गेलाय न्हवं तुम्ही?"

"मी?"

"हिरव्या साडीत... न्हाय, मग दुसरं कोण असंल. लांबनं तुमच्यासारखीच वाटली. दर रविवारी जात्यात. हातात डबा असतोय."

"आज गेली?"

"आत्ताच की. लई वेळ न्हाय झाला."

निशाला त्या क्षणी भीती वाटली नाही. उलट पायात बळ आलं. सापडले, असं वाटलं. दोघंही एका जागी, आणि मी वाटेवर. तिनं ओढणी घट्ट बांधली आणि निघाली.

वाट उसाच्या कडेनं जाते. मग ऊस संपतो, घाणेरी लागते. तलावावरनं पाखरांचा कालवा ऐकू येत होता, पण जसजशी ती आत गेली तसतसा तो मागं पडला. क्वार्टर्सची ओळ दिसली. दारांवर अजून पुसट नंबर होते. एका भिंतीआड ती उभी राहिली आणि डोकावली.

सन्मती दिसला. घाणेरीच्या जाळीपुढं छोट्या स्टुलावर बसलेला, पुढं स्टँडवर कॅमेरा, कॅमेऱ्यावर हिरवं फडकं. डोळा कॅमेऱ्याला. समोर ती फोटोतली भिंत, तो झरोका, ते अर्धवट उघडं दार.

बाई नव्हती.

निशा बघत राहिली. कुणीच नव्हतं. गाडी झाडाखाली लावलेली. माणूस एकटा, डास मारत बसलेला. तिला वाटलं, आपण केवढं पाप मनात आणलं. चांगला माणूस बसलाय पाखराची वाट बघत, आणि आपण चोरासारखं भिंतीआड. ती आडोशातनं बाहेर आली. वाळक्या पानांवर पाय वाजला.

सन्मतीनं मागं वळूनही बघितलं नाही. डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून म्हणाला, "आणलंस पाणी? ठेव. एवढं पाखरू बाहेर येऊ दे, मग बसतो जेवायला. दिवस हाय अजून."

निशा जागेवर थांबली.

म्हणजे होतं. कुणीतरी होतं.

"कुणाला म्हणताय?" ती म्हणाली.

"अं?"

"पाणी आणलंस का, हे कुणाला म्हणताय?"

आता त्यानं मान वळवली. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं. हसराच होता. "तुला. आणि कुणाला?"

"मी आत्ता येतेय. जन्मात पहिल्यांदा येतेय हितं."

"बरं," तो हसला. "हितं कोण ऐकतंय? आई घरात हाय. हितं कशाला सोंग करतीस?"

मग त्याचं लक्ष तिच्या कपड्यांकडं गेलं. ओढणीकडं गेलं. हसू हळूहळू उतरलं.

"कपडे... कवा बदललीस?"

निशानं स्वतःच्या कपड्यांकडं बघितलं.

"मघाशी साडी होती न्हवं अंगावर?"

"मघाशी म्हणजे कधी?"

"आत्ता... मघाशी. डबा घेऊन आलीस. दर रविवारी येतीस तशी." तो थांबत थांबत बोलत होता, स्वतःचंच बोलणं तपासून बघितल्यासारखा. "तूच म्हणालीस, उपाशी निजू नका, दिवस बुडायच्या आत मी आणून देत जाते. तूच म्हणालीस, आत्तींना कळू देऊ नका, चटणीत लसूण हाय. फोटो काढतो म्हटलं तर तूच नको म्हणालीस, घरात दिसंल म्हणालीस. मला वाटलं, बस्तीला दर्शनाला जाते म्हणून सांगून निघत असशील..."

"रविवारी मी बस्तीतच असते. आत्तींच्या शेजारी बसलेली असते."

सन्मती स्टुलावरनं उठला.

निशाला आता सगळं दिसायला लागलं. गालातलं हसणं. आईसमोर काय विचारतीस. तो तिला फसवत नव्हता. त्याला वाटत होतं, ही नवरा-बायकोची चोरून केलेली गंमत आहे.

"आता ती कुठं हाय?" निशानं विचारलं.

सन्मतीनं हात वर केला. बोट त्या अर्धवट उघड्या दाराकडं.

"आत. पाणी आणते म्हणून... आत गेली."

दिवस बुडाला होता. कौलांच्या कडेवरचं ऊन गेलं. झरोक्यातनं घुबड बाहेर पडलं. आवाज नाही. पंख नुसते पांढरे. सन्मतीनं वर बघितलंसुद्धा नाही. मागनं दुसरंही निघालं. दोन्ही तलावाकडं गेली.

मग आत भांडं वाजलं.

ताट फरशीवर ठेवल्यासारखं.

मग बांगड्या.

मग आवाज आला.

"अहो..."

निशाचा आवाज. निशानं रोज वीसदा मारलेली हाक. तोच हेल. शेवटी तसंच थोडं ओढलेलं.

सन्मती निशाच्या तोंडाकडं बघत होता.

तिचे ओठ मिटलेले होते.

"अहो... वाढलंय."

कोण आधी हललं ते दोघांनाही सांगता येत नाही. सन्मतीनं कॅमेरा उपसून छातीशी धरला, स्टँड तिथंच पडला. झाडाखाली गाडी. वाटेत घाणेरी. निशाची ओढणी काट्यात अडकली, सोडवायला ती वाकली. तेवढ्यात तो पुढं गेला. अंधारात पाठ दिसली. मग नाही दिसली. मग गाडी चालू झाल्याचा आवाज. दिवा लागला. ती धावत गेली आणि मागं बसली.

गाडी निघाली.

उसाच्या कडेनं वाट अरुंद. दिव्यात नुसती पाती. मागं बघायचं नाही, असं दोघांनी न बोलता ठरवलं होतं. भरमाची टपरी बंद होती. डांबरी रस्ता लागला. निशाला वाटलं, सुटलो.

तेव्हा सन्मती म्हणाला, "निशा?"

"अं."

मग... "तूच न्हवं?"

ह्याला काय उत्तर द्यायचं? व्हय म्हटलं तरी काय. तीही व्हयच म्हणाली असती.

"अहो, असं काय विचारताय..." ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. अहो म्हणायला नको होतं. पुढं बसलेलं अंग ताठ झालेलं तिला कळलं.

"बोलत रहा," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"कायबी. ती जास्ती बोलत न्हवती. बोलत रहा."

ती बोलत राहिली. आत्तींची बीपीची गोळी संपत आली. छोट्या भावाची सुपारी फुटायची आहे. गॅसवाला आला नाही. गिरणीत पीठ राहिलंय. बोलता बोलता तिचं लक्ष आरशाकडं गेलं. गाडीचा आरसा त्यानं वळवला होता. रस्त्याकडं नाही, तिच्याकडं. समोरनं गाडी आली की उजेडात आरशात त्याचे डोळे दिसायचे. तिच्यावर लागलेले.

आणि मग निशाच्या मनात ते आलं.

झाडाखाली ती पोचली तेव्हा गाडी आधीच चालू होती. तिनं त्याचं तोंड बघितलं नव्हतं. वाटेत मध्येच तो दिसेनासा झाला होता. नंतर तो एकदाही मागं वळला नव्हता. आरशात डोळे तेवढे दिसत होते.

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकला. तिनं हात काढून घेतला.

निपाणीपर्यंत दोघंही मध्ये वीतभर जागा सोडून बसलेले.

घर आलं. दारात दिवा होता. धोंडूबाईंनी कडी काढली. म्हातारीचं तोंड फुललेलं होतं, असं निशा सांगते. कधी नव्हे ते फुललेलं.

"अगं, परत कवा बाहेर गेलीस तू?" त्या म्हणाल्या.

निशा उंबऱ्यावरच थांबली.

"मागच्या दारानं आलीस. पानच वाढा म्हणालीस. म्या म्हटलं, येडी का काय, दिवस बुडाला, आता आपल्यात कोण जेवतंय? तर म्हणालीस, भूक लई लागलीया. पोटाला हात लावून म्हणालीस." म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. "मग म्या काय विचारलं न्हाय. वाढलं. असल्या दिसात देवबी माफ करतोय. गोड बातमी हाय न्हवं? खरं सांग."

निशानं त्यांच्याकडं बघितलं. बीपीचं दुखणं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हसलेलं तोंड. आता ह्या माणसाला काय सांगायचं? ती नव्हेच मी, म्हणून सांगायचं?

"व्हय, आत्ती," ती म्हणाली. "मीच आलते. परत जरा बाहेर गेलते."

आणि तिनं सन्मतीकडं बघितलं.

सन्मती एक पाऊल मागं सरला होता. पायरीवरनं खाली. हातात कॅमेरा, आणि तिच्याकडं बघत. तो आत आला नाही. बराच वेळ आला नाही.

भावकू आप्पा थांबले. युवराजनं शेकोटीत एक काटकी टाकली.

"मग?" सौरव म्हणाला. "गोड बातमी होती का?"

"न्हवती रं. आठ दिसांनी म्हातारीला निशानंच सांगितलं, डॉक्टरबाई न्हाय म्हणाली म्हणून. लई रडली म्हातारी. त्या रात्रीचं खरं तिला अजून कुणी सांगितलेलं न्हाय."

"आणि सन्मतीदादा?"

तो फोटो प्रदर्शनाला गेलाच नाही. निशानं यमगर्णीच्या पुलावरनं चौकटीसकट वेदगंगेत सोडला. कॅमेऱ्यातलं कार्ड सन्मतीनं न बघता मोडलं. संक्रांतीच्या आधी तिघंही बेळगावला आले, अनगोळात भाड्याच्या घरात राहायला लागले. दुकान भाऊबंदाकडं दिलं. सन्मती अजून पाखरांचे फोटो काढतो, पण सकाळच्या पारी, चार माणसांबरोबर. पडक्या इमारतीकडं मान वर करून बघत नाही. संसार चाललाय. दोघं एकमेकांना जपतात. पण निशा आमच्या हिला म्हणाली, काकू, संध्याकाळी मी एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत गेले, की ते हातातलं काम थांबवतात. मी काहीतरी बोलेपर्यंत थांबतात. आणि खरं सांगू? मीपण तेच करते.

"तुमाला त्यांनी सांगितलं, म्हणून तुम्ही खरं धरलं," युवराज म्हणाला. आवाज सरळ ठेवायचा त्याचा प्रयत्न कळत होता. "म्हातारीला भास झाला असंल. शेजारची कोण आली असंल."

"असंल," आप्पा म्हणाले. "म्याबी तसंच म्हटलं."

त्यांनी हात शेकोटीवर धरले.

"गेल्या आठवड्यात सन्मतीचा फोन आला. आप्पा, निपाणीला जाणार असाल तर घर एकदा उघडून बघून या. किल्ली माझ्याकडं असत्या. गेलो. संक्रांतीच्या आधीपासनं कुलूप. वीज तोडलेली, नळाचं पाणी बंद केलेलं. माडी बघितली. माजघर बघितलं. सगळीकडं बोटभर धूळ. माझीच पावलं उठत होती तेवढीच. मग सैपाकघरात गेलो."

"त्या रात्री म्हातारीनं ज्या ताटात वाढलं, ते ताट जेवून, धुऊन, ओट्यावर पालथं घातलेलं सापडलं होतं त्यांना. त्याला कुणी हात लावला न्हाय. तसंच टाकून घर सोडलं. ते होतं तिथंच होतं. पालथं."

"म्या नळ फिरवून बघितला. कोरडा. ओटा कोरडा. ओट्यावर धूळ."

आप्पांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. बघितलं त्याच्याकडं.

"ताटाला लावलं हे बोट..."

शेकोटीत रताळ्याचं साल तडकलं.

"ताट ओलं होतं."